दम

रताळ्याच्या सरीत पडलं होतं ते.
नाक जमिनीत, शेपूट काजूला टेकलेलं,
आणि डावा पंख हद्दीच्या दगडापलीकडे, महाराष्ट्रात.
म्हणून पंचनामे दोन.
हवालदार बसलिंगप्पा कन्नडमध्ये सगळं लिहीत होता,
चंदगडचा फौजदार मराठीत, पंखापुरतंच,
आणि मधे मी, छत्री घेऊन उभा,
कोर्टातून निवृत्त झालेला दुभाषा,
दिवसाचे सहाशे आणि चहा.

गेले ते दोघं. वैमानिक मेनेझिस,
आणि हंचिनाळशेठ, इळकलचे ग्रॅनाइटवाले,
ज्यांच्या खिशात सांबऱ्याच्या कॅन्टीनची पावती निघाली:
दोन चहा, एक खारी.

दिल्लीहून टोप्पोसाहेब आले.
पहिला दिवस कुणाला काही विचारलं नाही.
पंख्याच्या पात्यावरून हात फिरवून म्हणाले,
फिरत असतं तर असं वाकलं नसतं.
दुसऱ्या दिवशी म्हणाले, मातीखालचं काढायला माणसं द्या.
फावडं नको.
मग त्याच शेतातल्या बायका बसल्या ओळीनं.
साल न दुखवता रताळं काढणारी बोटं
नट, स्प्रिंग, घड्याळाचा काटा काढू लागली
तांबड्या मातीतून, फुंकर मारून, पोत्यावर.
एकीनं सवयीनं लहान-मोठं वेगळं केलं.
फौजदार हसला. साहेब हसले नाहीत.

जबाब, मलप्रभा बिर्जे, वय एकावन्न:
"मी हितंच काढूलालतो. इमान वरनं आलं,
दम खाल्लान. परत चालू झालं.
परत दम खाल्लान.
मग काय, चालू झालंच नाही."

हवालदाराला सांगितलं, दम तगोंतु.
त्यानं मान हलवली, लिहिलं.
साहेबांना सांगितलं, दम लिया, साब.
ते थांबले. पेनाला टोपण लावलं.
कितनी बार?
तिला विचारायला लागलं नाही. तिनं दोन बोटं वर केली,
नखांत माती.

साहेब उठून काजूखाली गेले,
इंधनाची गाळणी उघडून काचेच्या बाटलीत उपडी केली.
उन्हात धरली. तळाशी पाणी.
पळीभर. तीर्थ देतात तेवढं.

सतरा दिवस विमान उघड्यावर उभं होतं म्हणे, टाकी अर्धी.
दव धरलं असेल, नाहीतर पिंपातूनच आलं असेल.
निघण्याआधी तळाची चावी सोडून बघायची असते.
बघितली का, हे सांगणारा उरला नव्हता.
चहाची पावती काय सांगणार.

मेनेझिसची बहीण आली मडगावहून, पांढऱ्या गाडीतून.
बराच वेळ खड्ड्याकडे बघत राहिली.
ती कोकणीत काही बोलली, मला समजलं,
पण ते कुणाला सांगण्यासाठी नव्हतं, मी सांगितलं नाही.
मलप्रभानं तिला पिशवीभर रताळी दिली.
घेऊ की नको असं तिला झालं.
घेतली.

दीड वर्षानं अहवाल आला. एकसष्ट पानं, इंग्रजी.
पान तेवीस, खालून चौथी ओळ:
साक्षीदाराने इंजिनाचा आवाज मधूनमधून खंडित झाल्याचे सांगितले.
चूक नाही. मी दोनदा वाचलं, एक अक्षर चूक नाही.
मराठीतून कन्नडात, कन्नडातून हिंदीत
जसाच्या तसा गेला होता तो शब्द,
मला काही करावंच लागलं नव्हतं.
इंग्रजीत मात्र दम नाही.

परवा त्या वाटेनं गेलो होतो.
खड्डा बुजलाय, वेल पसरलाय त्याच्यावरून,
तिथली रताळी जरा वाकडी येतात एवढंच, ती म्हणाली.
काजूची मोडकी फांदी तशीच आहे.
बोलता बोलता तिनं कमरेवर हात ठेवला,
ताठ झाली, श्वास घेतला.
मी वर बघितलं.
मलाच कळलं नाही का.
मग ती वाकली, आणि पुढच्या वेलाला हात घातला.